जंबेरीची पंचवीस रोपं

"तुमी कोणाच्या, बाई?" रोज सकाळी चहाचा पहिला घोट घेतला की बाबा मला विचारतात.

"तुमचीच लेक. तुमची पोट्टी." मी सांगते. ते मान डोलावतात आणि दुसऱ्या घोटाला पुन्हा विचारतात. शांत स्वभावाच्या बाईला हे जमेल, मी पडले तापट. एकदा चिडून म्हटलं, "शेजारीण आहे, बिस्किटं खायला आली!" तर त्यांनी आपल्या बशीतली दोन्ही बिस्किटं माझ्यापुढे सरकवली. स्वयंपाकघरात जाऊन मी ढसाढसा रडले. एकदा, फक्त एकदा त्यांनी मला ओळखावं, दुसरं काही नको होतं मला.

बाबांनी शेंदूरजनाघाटला जन्मभर संत्र्याची कलमं बांधली. विसरणं वाढलं तसं मी त्यांना अमरावतीला माझ्याकडे आणलं. डोकं विसरलं, पण हात काही स्वस्थ बसेनात. चार्जरची वायर सोलून ठेवली. माझ्या कढीपत्त्याची साल नखानं उकलली. "अहो, जगू द्या की त्याला!" मी ओरडायची. धारेची वस्तू हाती लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून त्यांचा कलमाचा चाकू मी ज्वारीच्या डब्यात खुपसून ठेवला होता.

या हिवाळ्यात त्यांनी जेवण टाकलं. घास तोंडात तसाच, अन् बोटं मांडीवर नुसता चाळा करत राहायची. मग मीही हट्टाला पेटले. म्हटलं, होईल ते होईल. गावाहून जंबेरीची पंचवीस रोपं आणली आणि संत्र्याच्या काड्या ओल्या पोत्यात गुंडाळून एस.टी.नं घरी आले. जंबेरी म्हणजे लिंबाच्या जातीचं काटेरी रोप. त्याच्या सालीत संत्र्याच्या काडीवरचा कोंबाचा डोळा बसवायचा, म्हणजे पुढे झाड संत्र्याचं होतं.

अंगणात उन्हात रोपं मांडली, बाबांना पाटावर बसवलं आणि चाकू हातात दिला. माझा जीव टांगणीला. त्यांनी अंगठ्यावर धार पाहिली अन् कपाळाला आठी घातली. "कोणं ठेवला असा? गंजून राहिला ना!"

पायरीच्या दगडावर चार वेळा घासला. मग उभा चिरा, वर आडवा चिरा. चाकूच्या टोकानं साल अलगद उचलली, काडीवरचा डोळा कापला आणि सालीखाली सरकवला. बाप्पा! ज्या माणसाला सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, त्याचा हात एकदाही चुकला नाही. मी थक्क होऊन पाहत होते. मला वाटायचं, बाबा गेले, आता उरलं ते सांभाळायचं. आणि इथे तर ते अख्खेच्या अख्खे बसले होते.

"पट्टी!" ते खेकसले.

मी भानावर आले. आमच्याकडे बापानं चिरत पुढे जायचं आणि लेकरांनी मागून प्लास्टिकची पट्टी बांधत यायचं, अशीच रीत. लहानपणी मीच बांधायची. मी डावखुरी, त्यामुळे माझे वेढे उलटे पडायचे, आणि त्यावरून बोलणी खाल्ली नाहीत असा दिवस नसायचा. हात आपोआप चालू लागले. पंचविसावं रोप झालं तेव्हा ऊन भिंतीपर्यंत सरकलं होतं.

बाबा उठले. काम झालं की पहिल्यापासून एकेक गाठ तपासायची, ही त्यांची जुनी सवय. पहिल्याच रोपावर त्यांचं बोट थांबलं. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं.

"हे तं सारं उलटं बांधलं. हे माह्या पोट्टीचं काम हाय. कुठी हाय थे?"

पट्टीचं भेंडोळं धरलेला डावा हात तेवढा मी पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, उलटून पाहिला आणि मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"अन् मंग इतके दिवस सांगतलं काहून नाई तुनं?"