कानसेन आणि कुरकुरणारा पंखा

शिलाई मशिनं दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळी बाजारपेठ कानसेन म्हणायची. झाकण उघडायच्या आधी, नुसतं चाक फिरवून ते सांगत, "बॉबिन केस घासतेय." आणि उघडून बघावं तर तीच घासत असायची.

घरी मात्र नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. बायकोचं वाक्य अर्ध्यात असतानाच यांचा उपाय तयार. "पाय फार दुखतात हो." "चप्पल बदल." "आज कशात मनच लागत नाही." "झोप जरा." लग्न होऊन गेलेली मुलगी आईपेक्षा शहाणी निघाली. बाबांनी फोन घेतला की "सगळं ठीक" म्हणून मोकळी व्हायची.

एका दुपारी बायको म्हणाली, "अहो, छातीत कसंतरीच होतंय. बसा ना जरा जवळ."

"पित्त असेल. थंड दूध घे," म्हणत हे चपला घालून दुकानात गेले.

संध्याकाळी आले तेव्हा ती खुर्चीतच गेलेली होती. दुधाचा पेला भरलेला होता.

तेव्हापासून कानसेनांचा रक्तदाब चढला, पोटात जळजळ होऊ लागली, झोप तर पार उडाली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "या सोडायच्या नाहीत. पण दुखणं ताणाचं आहे, नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. जोडीला आमच्या दवाखान्यातल्या ध्यानाच्या वर्गाला जा."

वर्गात आठ खुर्च्या होत्या आणि एक कुरकुरणारा पंखा. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "श्वासाकडे लक्ष द्या. मध्येच पंखा ऐकू आला तर पंखा ऐका. काही करायचं नाही."

दुसऱ्या मिनिटाला कानसेन खुर्चीवर चढलेले! "बाई, बेअरिंग गेलंय याचं."

"गेलं असेल. खाली उतरा आणि ऐका."

जित्याची खोड ती, सहजी कुठली जायला! पण चौथ्या आठवड्यात पंखा कुरकुरत राहिला आणि ते बसून राहिले. रक्तदाब थोडा उतरला. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. कानसेन मात्र घरी येऊन ढसाढसा रडले. बसायला काही म्हणजे काही लागत नव्हतं, आणि तिने तेवढंच मागितलं होतं.

रविवारी सकाळी मुलीचा फोन आला. "सगळं ठीक," ती म्हणाली. हे काहीच बोलले नाहीत.

"बाबा? आहात ना?"

"आहे गं. बसलोय."

मग तिचा बांध फुटला. दोन महिने झाले, ती नवऱ्याला सोडून एकटी राहत होती. भाड्याची खोली, ऑफिसातली कुजबुज, एकटीचं जेवण, सगळं सांगत सुटली. यांच्या जिभेच्या टोकावर पाच-सहा उपाय आले. एकेक करून त्यांनी ते गिळले. तासभर ती बोलत होती.

"खूप हलकं वाटलं, बाबा. कुठे शिकलात हे असं ऐकायला?"

त्यांनी दवाखान्याचं सांगितलं, पंख्याचंही सांगितलं. ती जरा हसली. मग म्हणाली,

"आई होती तेव्हा का नाही हो शिकलात?"

एवढं बोलून ती पुन्हा रडू लागली. या वेळी यांच्यापाशी खरंच उपाय नव्हता. त्यांनी फोन खाली ठेवला नाही. तिचं रडू थांबेपर्यंत तो कानाशी धरून ते बसून राहिले.