भोंग्याशिवाय चढलेलं पाणी

आमच्या चोपड्याच्या गटात गळाचे किस्से इतके साठलेत की एकाने सुरुवात केली की दुसरा मध्ये तोंड घालतो. कोकणातल्या चार दिवसांचे मात्र सगळे मलाच सांगायला लावतात. कारण नानांना समुद्रावर न्यायची आयडिया माझी होती!

नाना म्हणजे माझे चुलते. केळीची बाग आणि तापीतला गळ, यांतच आयुष्य गेलं. गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. निघताना अक्का, म्हणजे काकू, मला एवढंच म्हणाली, "त्यासले जसं लई चालना, तसंच लई ये." म्हणजे जसे नेतोस, तसेच परत घेऊन ये.

*

पहिल्या दिवशी गळाला कणकेच्या गोळ्या लावल्या. तापीत त्यांच्यावर मासे तुटून पडतात. इथे लाटांत गोळी टिकेचना. दोन तास आम्ही समुद्राला कणीक खाऊ घातली.

शेवटी आम्ही उतरलो होतो त्या खोलीचे मालक दत्ताकाका कोळंबी घेऊन आले. "पाव्हणे, इथल्या माशाला चपाती नको!"

*

दुसऱ्या दिवशी कोळंबीला लगेच शिंगाळा मासा लागला. मिशा पाहून नानांना तो नदीतलाच वाटला. सवयीने मुठीत धरला आणि त्याच्या पराचा विषारी काटा तळहातात घुसला.

नाना पांढरेफटक पडले. दत्ताकाकांनी सोसेल तितक्या गरम पाण्यात हात धरून ठेवला, मग डॉक्टरकडे नेलं. बँडेज बांधून परतताना नानांनी मला बजावलं, अक्काला काटा सांगायचा नाही, ऊन लागलं म्हणायचं.

*

तिसऱ्या दिवशी ओहोटीला मी आणि नाना कोरड्या पायांनी पुढच्या खडकावर गेलो. भास्करभाऊ, आमचा तिसरा गडी, गाडीपाशी थांबला. दत्ताकाकांनी बजावलं होतं, पाणी भरतीकडे वळलं की निघा.

तापीत धरणाचं पाणी सोडायच्या आधी भोंगा वाजतो. तो ऐकायचा, मग निवांत गळ गुंडाळायचा. नानांना तीच सवय.

मी सहज मागे पाहिलं, तर आलो ती वाट पाण्याखाली गेलेली. नानांना म्हटलं, उठा.

"अजून भोंगा नही वाजना. तू कसाले घाबरस?"

समजावेपर्यंत पाणी कमरेएवढं झालं. भास्करभाऊने गाडीतून केळीची झाडं वाऱ्यात बांधायची दोरी काढली. एक टोक माडाला बांधलं, दुसरं घेऊन तो पाण्यातून आला. आम्ही ते नानांच्या कमरेला आवळलं.

निम्म्या वाटेत नानांचा गुडघा मुरगळला आणि ते पाण्याखाली गेले. मी कॉलर धरून ओढलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला फक्त अक्का दिसत होती.

काठावर येऊन नाना वाळूत बसले. मग म्हणाले, "इतलं पाणी सोडं, आन कोणी सांगं बी नही."

*

चौथ्या दिवशी नाना गाडीतून उतरलेच नाहीत. मी आणि भास्करभाऊ भरतीची वेळ विचारून अगदी काठाजवळच्या खडकावर गेलो.

पाणी वळलं आणि गाडीचा हॉर्न सुरू झाला. आम्ही हात केला, निघालो म्हणून. हॉर्न थांबेना. आजूबाजूची माणसं बाहेर आली, दत्ताकाका धावत आले.

माझे दोन्ही पाय वाळूला लागेपर्यंत नानांनी तो बँडेज बांधलेला हात हॉर्नवरून उचलला नाही.