नेटिव्ह प्लेसचा रकाना

माझे सासरे शंकरराव गजभिये नागपूरच्या कलेक्टर ऑफिसात छत्तीस वर्षं रेकॉर्ड कीपर होते, आणि रिटायर होऊनही ते कधी रिटायर झाले नाहीत. १९९५ साली आम्ही त्यांना अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला, आमच्याकडे आणलं, तर पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझे मसाल्याचे डबे वर्णानुक्रमे लावले. मी चिडले होते. पण ओवा पहिल्यांदाच झटक्यात हाताला लागला, म्हणून गप्प बसले.

घरात त्यांना करमेना. मी त्यांना टाउनच्या लायब्ररीत सोडू लागले. तिथल्या मिसेस केलरना त्यांचं मोत्यासारखं इंग्रजी अक्षर आवडलं. पुढच्या वर्षी लायब्ररीत मिशिगनमध्ये जन्मलेल्या नामवंतांचं प्रदर्शन ठरलं. फोटो भिंतीवर, प्रत्येकाखाली हाताने लिहिलेलं कार्ड. जाडजूड संदर्भग्रंथांतून माणसं निवडायची आणि कार्डं लिहायची, हे काम बाबांना मिळालं. पगार नव्हता, पण स्वतंत्र टेबल होतं आणि गळ्यात अडकवायला नावाचा बिल्ला. तो बिल्ला घालून ते घरी जेवायलाही बसत.

पाच आठवडे ते रोज गेले. शनिवारी उद्घाटन होतं, आणि आधीच्या सोमवारी मी त्यांना घ्यायला गेले तर मिसेस केलर दोन खोकी पुढ्यात घेऊन उभ्या. लहान खोक्यात निवडलेली साठ कार्डं. मोठ्यात नाकारलेली एकशे ऐंशी.

"मिस्टर गजभिये, ही सगळी माणसं इथेच जन्मली. मग नाकारली का?"

बाबा ताठ उभे राहिले. "मॅडम, जन्म इथला आहे. पण ह्यांचं नेटिव्ह प्लेस वेगळं आहे."

मी कार्ड उचललं. नाव, वडिलांचं नाव, नेटिव्ह प्लेस, व्यवसाय. आपल्याकडच्या सरकारी फॉर्मसारखे चार रकाने, पट्टीने आखलेले. कुणा कारखानदाराचे वडील आयर्लंडचे, म्हणून तो बाद. कुणा गायिकेचे आजोबा जॉर्जियाचे, तीही बाद. उलट दोघांचे पणजोबा इथले निघाले, तर ते दोघे शेजारच्या ओहायो राज्यात जन्मूनही आत! मला हसू आवरेना आणि लाजही वाटत होती. मिसेस केलर गोड आवाजात म्हणाल्या की तुम्ही फार कष्ट घेतलेत, आता दुसरं कुणीतरी पूर्ण करेल. अमेरिकेत ह्याचा अर्थ, आता घरी बसा.

गाडीत मागे आमची नऊ वर्षांची हर्षिता होती. ती माझ्यासोबत आत आली होती, तिने सगळं ऐकलं होतं. "आजोबा, देन व्हेअर ॲम आय फ्रॉम?"

"आपण उमरेडकडचे, बेटा."

"बट आय वॉज बॉर्न हिअर! हू इव्हन आस्क्स दॅट?"

 घरी आल्यावर बाबांनी चहाचा कप बाजूला सरकवला आणि ते माझ्याकडे वळले.

"प्रणिता, अठ्ठेचाळीस साली मी नागपुरात खोली शोधत होतो. सात घरं फिरलो. मूळ गाव कोणतं, हा पहिला प्रश्न. गावात घर कोणत्या बाजूला, हा दुसरा. तिसरा प्रश्न कधी आलाच नाही, तोवर दार बंद झालेलं असायचं. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा वाटलं, सुटलो ह्यातून. आणि इथे येऊन मी काय केलं? एकशे ऐंशी माणसांना तोच प्रश्न विचारला अन् बाहेर काढलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझा नवरा प्रफुल्ल म्हणाला, "जाऊ द्या हो बाबा. व्हॉलंटियर जॉब तर आहे, कॅन्सल करून टाका."

"चूक मी केली. दुरुस्त मीच करणार."

दुसऱ्या दिवशी लायब्ररी उघडायच्या आधी ते दाराशी उभे होते. मिसेस केलरना म्हणाले, "मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या. एक कार्ड चुकलं तरी बिल्ला काढून घ्या." बाईंनी बराच विचार केला. मग शुक्रवारी दुपारी बारा, असं बजावलं.

जुनी कार्डं खोडून चालली असती, पण बाबांना खाडाखोड खपत नाही. आमच्या डायनिंग टेबलावर सगळी पुन्हा नव्याने सुरू झाली. शाळेतून आली की हर्षिता मिसेस केलरनी घरी न्यायला दिलेल्या संदर्भग्रंथातून वाचून दाखवायची: नाव, जन्मगाव, साल. एकदा सवयीने बाबा म्हणाले, "वडील?" तिने पुस्तक मिटलं. "वी आर नॉट आस्किंग, आजोबा." बाबांची बोटं सुजली, मी आयोडेक्स चोळलं. गुरुवारी सत्तर कार्डं उरली होती आणि मला धाकधूक वाटत होती. हातातलं पेन न सोडता त्यांनी नातीने भरवलेले पोहे खाल्ले.

शुक्रवारी पावणेबाराला बाबांनी खोकी लायब्ररीतल्या टेबलावर ठेवली. मिसेस केलरनी पुस्तकाशी ताडून तीसेक कार्डं पाहिली, मग पुस्तक बाजूला सारलं आणि भिंतीकडे शिडी ओढली.

शनिवारी गर्दी झाली. आमच्या इथल्या मराठी मंडळातले प्रल्हादराव मुलांना घेऊन आले होते. एका धावपटूच्या फोटोपाशी ते थांबले.

"अहो, ह्याचे आईवडील अलाबामाचे शेतमजूर होते ना? हा मूळचा इथला नव्हेच!" मग हसत बाबांकडे वळले. "बाय द वे काका, कधी विचारलंच नाही. गजभिये म्हणजे... तुमचं मूळ गाव कोणतं?"

 बाबांनी आधी ते कार्ड सरळ केलं.

"ह्याचा जन्म इथला आहे, प्रल्हादराव. आम्ही तेवढंच लिहिलंय. ह्या भिंतीसमोर पुढचं विचारत नाहीत."