घाटघरची खाचरं आणि पोटातला कॉम्प्युटर

कचेरीत वीसेक वर्षं मी एकाच जुन्या प्रोग्रामवर मराठी टाइप केलं. निवृत्त झाल्यावर मुलानं नवा कॉम्प्युटर घेऊन दिला, तर त्यावर तो प्रोग्राम चालेचना. नवा कीबोर्ड शिकायला माझी बोटं तयार नव्हती, आणि मला घाई होती.

घाई आबांमुळे. माझे वडील, नव्वदीला टेकलेले, घाटघर सोडून जुन्नरला आमच्याकडे राहायला आलेले. गावाकडच्या आमच्या प्रत्येक भातखाचराला नाव आहे आणि ती सगळी नावं आता फक्त त्यांनाच ठाऊक. हल्ली सांगता सांगता अडखळायचे. म्हटलं, लिहून ठेवू.

सून कॉम्प्युटरवरच काम करते. रविवारी आमच्याकडे आली तेव्हा तिनं माझ्या कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर बसवला. म्हणजे नक्की काय केलं, ते मला आजही सांगता येणार नाही. स्क्रीनवर एक चौकट उघडली आणि तिच्यात माझा जुना प्रोग्राम दिसला. मधेच तिनं विचारलं, "बाबा, ह्याला मेमरी किती देऊ? निम्मी?"

"भावकीतलं वाटप आहे का हे?" मी म्हटलं. ती हसली. मला हसू आलं नाही, कारण मला खरंच कळत नव्हतं. माउसचा बाण चौकटीत शिरला की बाहेर यायचं नाव घेत नव्हता. बाहेरच्या घड्याळात चार, आतल्यात साडेदहा.

आबा शेजारी येऊन बसले. "ह्याच्या पोटात आणिक एक? मग भायेरचा कशाला इकत आणला?"

मी बाण चौकटीतून बाहेर काढायच्या मागं लागलो.

जाताना सून म्हणाली, "काही बिघडलं तर हे बटण दाबा. आतला कॉम्प्युटर आज आहे तसा होईल."

पुढं पंधरा दिवस रोज दुपारी आबा सांगायचे आणि मी टाइप करायचो. उंबराचं, लांबुडकं, म्हातारीचं, वाघबसणीचं. कुठलं कोणाच्या बांधाला लागून, कुठल्यात पाणी आधी तुंबतं, सगळं. छत्तीस खाचरं झाली.

मग एके दिवशी ती चौकट हँग झाली. बाण हलेना, अक्षर उमटेना. मी घाबरलो आणि ते बटण दाबलं. यंत्र मागं जाईल, मी लिहिलेलं कशाला मागं जाईल, अशी माझी समजूत. यंत्राबरोबर फाइलही गेली.

सुनेला फोन लावला.

"बाबा, फाइल बाहेर कॉपी केली होती ना?"

"बाहेर म्हणजे कुठं?"

ती गप्प झाली. पंधरा दिवस सगळं डोक्यावरून जात होतं, पण तिचं गप्प होणं मला लगेच कळलं.

वही-पेन घेऊन आबांपुढं बसलो. "आबा, खाचरांची नावं परत सांगा जरा."

"आता काय ध्यानात न्हाई," ते निवांतपणे म्हणाले. "तू लिवून घेतलंस नव्हं? मग मी कशाला धरून बसू? लई हलकं वाटतंय बग." मग भिंतीला टेकून त्यांनी डोळे मिटले. "तूच वाच. मला ऐकायचंय."

खोटं बोलायची हिंमत नव्हती आणि खरं सांगायची त्याहून नव्हती. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता. कोऱ्या वहीकडं बघत मी वाचायला लागलो. नऊ नावं झाली आणि थांबलो.

"म्होरं?" आबा म्हणाले.