हौदातले मांगूर

मी चौथी पास. पण कारखान्याच्या सांडपाण्यावर माशांचा हौद होता, त्याच्या वहीत अकरा महिने फक्त माझं अक्षर आहे, आणि ते कोणालाही वाचता येतं. तेच नडलं.

वर्ध्याकडून आम्ही भोपाळला आलो ते सरकारी कारखान्यातल्या नोकरीपायी. टाउनशिपमध्ये क्वार्टर मिळालं, भोंग्यावर उठायला शिकलो. आधी मी ढलाईत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामावर होतो. हात भाजला तेव्हा मला सांडपाण्याच्या प्लांटवर बसवलं. कारखान्याचं घाण पाणी तिथे साफ करून नाल्यात सोडत. सोडण्याआधी ते एका सिमेंटच्या हौदातून जाई आणि हौदात रोहूची बोटभर पिलं असत. रोज सकाळी मासे मोजायचे, वहीत लिहायचं, खाली सही करायची. कशासाठी ते कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारलं की आपल्याला येत नाही हे कबूल होतं, आणि ते माझ्याच्यानं कधी झालं नाही.

पिलं मरायची. चार-आठ दिवसांनी दोन-तीन तरी पोट वर करून तरंगत. आमचे साहेब पुण्याचे. एकदा वही चाळत सगळ्यांदेखत म्हणाले, "भाऊ, तुमच्याकडे मासा टिकत का नाही? खायला घालता ना?"

लोक हसले. मला ते फार लागलं. घरून कणकेच्या गोळ्या नेल्या, हौदावर बांबूचा तट्ट्या बांधून सावली केली. बायको म्हणाली, पोरांचे एवढे लाड कधी केले नाहीत. तरी पिलं मरतच राहिली.

दर रविवारी क्वार्टरांवर एक मच्छीवाला यायचा. नाल्याच्या खालच्या अंगाला तळं होतं, ते त्यानं ठेक्यानं घेतलेलं. त्याला मी विचारलं, न मरणारा मासा कोणता? घरी बादलीत ठेवून खायला हवा असेल असं त्याला वाटलं. म्हणाला, मांगूर घ्या. वर येऊन हवा पितो, चिखलातही जगतो. पुढच्या रविवारी डब्यात बारा मांगूर घेऊन आला. उरलेली रोहूची पिलं काढून मी ते हौदात सोडले.

त्यानंतर एक मासा मेला नाही. पाणी कधी तांबूस यायचं, कधी त्याला उग्र वास यायचा, पण काळी तोंडं वर येत आणि मी लिहीत असे, सर्व जिवंत. साहेब पाहुण्यांना हौद दाखवू लागले. त्या दिवशी मी युनिफॉर्मला इस्त्री करून जायचो.

मग एका सकाळी मच्छीवाला सायकल घेऊन गेटवर आला. मागच्या टोपलीत मेलेले रोहू, कटला. मेलेल्या माशांनी सगळं तळं पांढरं झालंय म्हणाला. गार्ड त्याला आत सोडेना. मीच त्याला आत घेतलं, आमचं पाणी किती चांगलं आहे ते दाखवायला. दया म्हणून नव्हे.

तो हौदाच्या काठावर बसला. वर आलेलं एक काळं तोंड त्यानं वाकून निरखलं.

"दादा, ये तो मेरी वाली मांगुर है," तो म्हणाला. मग हळू आवाजात, "ये तो नाली में भी जी लेती है. इसको देखके आपको क्या पता चलता?"

तेव्हा मला कळलं, की मासे जगवायला मला ठेवलंच नव्हतं. मेलेले दिसले की सांगायला ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन रोहूची पिलं आणली आणि हौदात सोडली. जेवणाच्या भोंग्याआधी सगळी तरंगली. वहीत लिहिलं, सर्व मेले. साहेबांनी वाचलं.

"आता लिहून काय होणार, भाऊ? अकरा महिने सही तुमचीच आहे."

साहेबांना मांगूर ओळखता येत नव्हता असं मी म्हणणार नाही. ते मासे खाणारे होते.

मच्छीवाल्यानं भरपाईसाठी कारखान्याकडे केलेला अर्ज परत आला. कारखान्याच्या पाण्यात मासे जिवंत राहतात, असं वहीवरून दिसतं, हे त्यावर लिहिलेलं. मी ऑफिसात जाऊन सांगितलं, वही खोटी आहे. त्यांनी मला गेटवर बदली दिली. मच्छीवाल्याला ठेक्याचे पैसे भरता आले नाहीत, तळं त्याच्या हातून गेलं.

पुढे तो मला हबीबगंज स्टेशनबाहेर पोती उचलताना दिसला. मी सायकलवरून उतरलो. त्यानं तोंड फिरवलं नाही. "दादा," एवढंच म्हणाला आणि पुढचं पोतं पाठीवर घेतलं. पोतं ट्रकवर पडेपर्यंत मी तिथे उभा होतो.