खुर्चीला जागा ठेवून

सगळी गल्ली तिला मोटारवाली म्हणायची. टॅक्सी स्वतःची, जीभ तिखट, आणि एकदा हट्टाला पेटली की भल्याभल्यांनी हात टेकावेत अशी बाई. तिच्या वडिलांनी आयुष्यभर ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवला होता. पाय गेल्यापासून चाकांच्या खुर्चीतून घरातल्या घरात फिरायचे, पण उंबऱ्याबाहेर जायचं नाव काढायचं नाही. "लोकांना फुकटचा तमाशा कशाला?" म्हणायचे.

गाडीत सबवूफर, म्हणजे खर्जातला ठोका घुमवणारा मोठा स्पीकर, बसवायचं तिनं ठरवलं ते त्यांच्यासाठीच. ड्रमचा ठोका पुन्हा छातीत जाणवला तर म्हातारा घराबाहेर पडेल, अशी तिला आशा होती.

साउंडवाल्यानं वूफरचा तयार बॉक्स दाखवला. हवेसाठी भोक ठेवलेला, दणका जबरदस्त, पण अख्खी डिकी गिळणारा.

"आणि खुर्ची कुठे जाणार?" तिनं विचारलं.

"टपावर बांधा."

घरी हे ऐकून बाबांची कळीच खुलली. "तोच घे! खुर्ची राहू दे घरी. मी बसेन की गाडीतच."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. गाडीतून न्यायचं आणि तसंच परत आणायचं, तर माणूस आहे की पार्सल?

"दोन्ही मावणार," ती म्हणाली. "नाहीतर काहीच नको."

मग तिनं कमी खोलीचा वूफर निवडला आणि बॉक्स बिनभोकाचा, सीलबंद, कारण त्याला जागा कमी लागते. डिकीत गाडीच्या चाकामागच्या कोपऱ्यात प्लास्टिक अंथरून घरातला तांदूळ मापानं ओतून पाहिला, तेव्हा हवी तेवढी जागा तिथे निघाली. प्लाय कापलं, सांधे सिलिकॉननं बुजवले, खुर्चीचा दांडा वूफरला लागू नये म्हणून पुढे जाळी बसवली. खुर्ची आत सरकवली, आणि बोटभरासाठी घोडं अडलं.

"चालतंय हो," साउंडवाला म्हणाला, "डिकी जरा दाबून लावायची."

या 'चालतंय'चा तिला मनस्वी राग. तिनं सगळा बॉक्स उचकटला, पुढची फळी तिरकी केली, गेलेली जागा उंची वाढवून भरून काढली. या खेपेला खुर्ची सुळकन आत गेली.

बरीच मनधरणी करून बाबांना मागच्या सीटवर बसवलं आणि ती निघाली. गाणं लावलं. बाबा खिडकीबाहेर बघत बसले. एवढी उरस्फोड करून त्यांना काहीच वाटलं नसेल तर? बाजाराच्या चौकात ते अचानक म्हणाले, "थांबव."

"त्रास होतोय का?"

"पाठीला कळतंय, हाताला कळत नाही. डिकी उघड."

"बाबा, इथे? भर चौकात?"

"मग माझा हात इथून पोचणार आहे का? खुर्ची काढ!"

तिनं खुर्ची काढली, त्यांना उचलून बसवलं. बाबांनी स्वतःच चाकं फिरवत डिकी गाठली आणि बॉक्सच्या फळीवर तळवा टेकवला. येणारे जाणारे थबकून बघायला लागले. बाबांनी डोळे मिटले, मान डोलावली, मग कपाळाला आठ्या घातल्या आणि शेजारी उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसाची बाही ओढली.

"ऐकताय ना? हा ड्रमवाला घाई करतोय."