पिल्लावर न मारलेला दगड

इंदूरला आले तेव्हा झाडलोटीचं काम मिळालं तरी पुष्कळ, असं वाटायचं. आठवीत शाळा सोडलेल्या बुलढाण्याच्या पोरीला प्राण्यांच्या संस्थेत दुसरं काय देणार? पण संस्थेच्या मॅडमनी माझ्या हातात दुधाची बाटलीच दिली. वानराचं पिल्लू होतं. आई विजेच्या तारेवर जळाली, हे तिच्या पोटाला तसंच चिकटलेलं. मॅडमचे ते उपकार मी विसरलेले नाही. भीती मात्र रोजची, आज काही चुकलं तर घरी पाठवतील.

पिल्लू माझ्या ओढणीला धरून वाढलं. मोठं झाल्यावर आम्ही त्याचा पिंजरा इंदूरजवळ सिमरोलच्या घाटातल्या जंगलात नेऊन ठेवला. तिथल्या टोळीतली एक मादी रोज जाळीशी येऊन बसायला लागली.

मॅडम म्हणाल्या, "आता सोडायचं. तुझ्याकडे आलं की दगड मार. लागेल असा. टोळीत रुजलं नाही, तर जन्मभर पिंजरा."

पहिल्या दिवशी मी दगड आजूबाजूलाच टाकले. त्याला तो खेळ वाटला. आमच्या जीपचे ड्रायव्हर, इंदुरी बोलीत भिया, हसले, "काय यार ताई, दगड मारून राहिल्या का प्रसाद वाटून राहिल्या?"

दुसऱ्या दिवशी मी एकटी होते. ते खाली आलं, ओढणीला लोंबकळलं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि पोळीचा तुकडा दिला. मॅडमना सांगितलं, "आज आलंच नाही."

तिसरा दिवस शनिवार. शनिवारी घाटात लोक गाड्या थांबवून वानरांना केळी घालतात, पुण्य लागतं म्हणून. टोळी रस्त्यावर उतरली. मोठी वानरं केळं हिसकून लांब पळाली. आमचं पिल्लू एका बाईच्या ओढणीला जाऊन लटकलं. ती किंचाळली. नवऱ्यानं पिल्लाला हाताला धरून खेचलं, गरगर फिरवून रस्त्यावर आपटलं. वर म्हणाला, "काटता तो?"

डॉक्टरांना हात खांद्यापासून काढावा लागला. एका हातानं टोळीमागे झाडावर पळता येत नाही.

मी रडत रडत मॅडमना पोळीचं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "घाबरू नकोस, कामावरून काढत नाही तुला. आता ते पिंजऱ्यात जगेल तोवर रोज तूच त्याला खाऊ घालायचं."

खरं सांगते, ते ऐकून आधी मला हायसंच वाटलं.